घरात ‘याकोब’, कबरीवर ‘जेम्स’ – हे एकच पणजोबा असतील का? (नागपूर-कामठी)

सदरची_लेक
नमस्कार मंडळी. इथं खूप दिवस नुसती वाचतेय, लिहितेय पहिल्यांदाच, लांबलं तर सांभाळून घ्या.

आम्ही मराठी ख्रिस्ती, नागपूरचे, सदरमध्येच पिढ्या गेल्या. बाबा आता ७६ चे आहेत आणि बायपास झाल्यापासून त्यांनी एकच गोष्ट डोक्यात घेतलीय, की माझ्या आजोबांच्या आधी कोण होतं ते मला कळलंच पाहिजे. बाबांचे आजोबा म्हणजे माझे पणजोबा, याकोबआजोबा. ते कामठीला कंपाउंडर होते आणि मानमोडीच्या साथीत गेले एवढं घरात सगळ्यांना पाठ आहे. एक जुनं मराठी बायबल आहे आमच्याकडे, त्याचं पुठ्ठ्याच्या आतलं पान वाळवीनं अर्धं खाल्लंय, उरलेल्या अर्ध्यावर काळ्या शाईत “याकोब, जन्म सन १८७३” आणि त्याखाली पणजीचं नाव, मग माझ्या आजोबांचा आणि त्यांच्या दोन बहिणींचा जन्म, वारासकट. याकोबाच्या वर काहीच नाही. आणि घरात कायम सांगतात की हिस्लॉप नावाच्या मिशनरी साहेबानं स्वतः याकोबाला शाळेत घातलं आणि बाप्तिस्माही त्यानंच दिला.

गेल्या महिन्यात बाबांना घेऊन कामठीच्या एका जुन्या दफनभूमीत गेले. लहानपणी त्यांच्या आजीनं त्यांना तिथला एक कोपरा दाखवला होता, कडुलिंबाजवळचा. कडुलिंब आहे अजून. खाली दगडही आहे. पण त्यावर इंग्रजीत जेम्स गोविंद, वय ५०, ऑक्टोबर १९१८. याकोब नाही, आमचं आडनाव नाही (आमचं गावावरून पडलेलं ‘कर’वालं आडनाव आहे), वयही जुळत नाही कारण १८७३ धरलं तर ४५ होतात. ऑफिसात विचारलं तर रजिस्टर उघडायच्या आधीच उत्तर मिळालं, मॅडम जेम्स म्हणजे जेम्स, याकोबाचं इंग्रजी जेकब होतं, हा तुमचा माणूस नाही. कुठलं ऑफिस ते लिहीत नाही, भांडण नकोय मला. येताना बाबा गाडीत पार सदर येईपर्यंत एक शब्द बोलले नाहीत.

तर आता, १९०१ किंवा १९११ च्या जनगणनेत घरोघरची नावं असतील ना? बाहेरच्या देशात लोक पणजोबांचं अख्खं घर, कोण किती वर्षांचं, असं कॉम्प्युटरवर बघतात. आपल्याकडे कुठं मिळतं ते? आणि लग्नाची नोंद शोधायची तर कुठल्या चर्चमध्ये, कारण बाबांना तेही माहीत नाही.


कामठीवाला_अण्णा
ताई, आधी बाबांना सांगा की नाव जुळलं नाही म्हणून माणूस बाद होत नाही. तुमच्याच घरातलं ते बायबल काढा आणि नव्या करारात शेवटाकडे ‘याकोबाचे पत्र’ आहे ते बघा. तेच पत्र इंग्रजी बायबलमध्ये जेम्सचं पत्र आहे!! म्हणजे आपल्या मराठी बायबलात जेकबही याकोब आणि जेम्सही याकोब. घरात, प्रार्थनेत, बाजारात माणूस याकोब, आणि इंग्रजीत रजिस्टर लिहिणारा पाळक किंवा कारकून त्याला कधी जेकब करणार, कधी जेम्स. तसंच योहानाचा जॉन होतो, पण तिथं गोंधळ होत नाही, इथं होतो. ऑफिसवाल्यांनी अर्धंच सांगितलं तुम्हाला.

‘गोविंद’ हे आडनाव म्हणून बघू नका, मला तर ते बापाचं नाव वाटतंय. पहिल्या-दुसऱ्या पिढीतल्या लोकांच्या नोंदीत असं खूप दिसतं, आडनावाच्या जागी सरळ वडिलांचं नाव लिहून मोकळे. आणि वय ५० वर तर बिलकुल जाऊ नका. त्या काळच्या दफनाच्या नोंदी पाहिल्या की सगळे लोक ३०, ४०, ५०, ६० लाच मेलेत असं वाटतं, कारण सांगणारा शेजारी अंदाजानं सांगायचा. त्यात १९१८ चा ऑक्टोबर म्हणजे इन्फ्लुएन्झाची सगळ्यात वाईट लाट, मध्य प्रांत तेव्हा देशात सर्वात जास्त पोळलेल्या भागांपैकी. दिवसाला कितीतरी दफनं असताना कोण विचारत बसणार की साहेब नक्की ४५ की ५०.

आता हिस्लॉपची गोष्ट. ही मात्र जुळत नाही, राग मानू नका. स्टीफन हिस्लॉप १८४५ मध्ये नागपूरला आले आणि ४ सप्टेंबर १८६३ ला गेले, टाकळघाटची ती दगडांची वर्तुळं बघून परत येताना पूर आलेल्या ओढ्यात बुडून. तुमचे पणजोबा त्यानंतर दहा वर्षांनी जन्मलेत. हिस्लॉप कॉलेज निघालं १८८३ ला, त्यांच्या नावानं. ‘हिस्लॉपमध्ये शिकला’ चं ‘हिस्लॉपनं शिकवलं’ कधी झालं असेल ते कळतही नाही. पण गोष्ट फेकू नका, तिच्यात कामाचं एक आहे, स्कॉटिश मिशन. म्हणजे तुम्हाला ऑल सेंट्सच्या नोंदीत शोधायचं नाही, ते चर्च ऑफ इंग्लंडचं होतं. तुमचे लोक फ्री चर्च ऑफ स्कॉटलंडचे.

इथं एक घोळ आहे तो समजून घ्या, नाहीतर रजिस्टरच्या पुठ्ठ्यावरचं नाव बघून परत याल. फ्री चर्च १९०० मध्ये युनायटेड फ्री चर्च झालं, इकडच्या मंडळ्या (म्हणजे इथली चर्चं) १९२४ ला युनायटेड चर्च ऑफ नॉर्दर्न इंडियात गेल्या, तिकडची मिशन १९२९ ला चर्च ऑफ स्कॉटलंडमध्ये मिसळली, आणि २९ नोव्हेंबर १९७० ला सगळे मिळून चर्च ऑफ नॉर्थ इंडिया, ते तर आपल्या नागपुरातच झालं. मंडळी तीच पण पुठ्ठ्यावर नाव वेगळं. त्यामुळे ‘फ्री चर्चचं रजिस्टर द्या’ म्हणू नका, ‘१९०० च्या आसपासचं लग्नाचं सगळ्यात जुनं पुस्तक कोणतं’ असं विचारा.

आणि दफनाच्या नोंदीच्या मागे लागू नका, लग्नाची शोधा. दफनाच्या नोंदीत नाव, वय, धंदा, मेल्याची तारीख, पुरल्याची तारीख, कारण, बस. बाप नसतो त्यात. १८७२ च्या ख्रिस्ती विवाह कायद्याच्या फॉर्ममध्ये दोघांच्या बापांची नावं लिहायचा रकाना आहे, धंदा, राहण्याचं ठिकाण, आधी लग्न झालेलं की नाही, शिवाय साक्षीदारांच्या सह्या.


बे_एकोणतीस
सॅम्पल पाठवा ना ताई, डीएनए टेस्ट करा, महिन्याभरात सगळं कळतं, कायले एवढी धूळ खायची


सदरची_लेक
@बे_एकोणतीस भाऊ, थुंकी पाठवून पणजोबांच्या बापाचं नाव कळतं का? कळत असेल तर आजच पाठवते.

@अण्णा, तुमचं वाचून बाबांनी लगेच बायबल काढलं, चष्मा लावून ‘याकोबाचे पत्र’ उघडलं आणि मग मोबाईलवर इंग्रजी बायबल लावायला सांगितलं. दोन्ही शेजारी शेजारी ठेवून पाच मिनिटं बघत होते. म्हणाले, हे मला रविवारच्या शाळेत शिकवलेलं आणि मलाच सुचलं नाही. हिस्लॉपचं वाचून मात्र थोडे हिरमुसले.


कामठीवाला_अण्णा
हिरमुसू नका म्हणावं. आमच्याही घरात होतं तसं. आम्ही मूळचे तेलुगू, पणजोबांचे वडील मद्रास फौजेच्या मागे आले. कामठीची छावणी १८२१ ची आणि नागपूरची फौज मद्रासकडची, म्हणून तर इथं तेलुगू-तमिळ घरं आहेत. तर आमच्याकडे गोष्ट अशी की ते सुभेदार होते. मी हौसेनं शोधत गेलो तर निघाले भिश्ती. पाणी भरायचे. आईला सांगितलंच नाही मी दोन वर्षं 😀

यात एक उपयोगाचं सांगतो, बाकी कोणी वाचत असेल तर. कामठीत पुरलेल्या गोऱ्या किंवा अँग्लो-इंडियन माणसाचा शोध असेल तर त्या नोंदीची नक्कल इथून मद्रासला आणि तिथून लंडनला जायची, ती आता ब्रिटिश लायब्ररीत इंडिया ऑफिसच्या कागदात आहे, बंगाल-मद्रास-मुंबई अशा तीन ढिगांत. लोक मुंबईच्या किंवा बंगालच्या ढिगात शोधत बसतात आणि कामठी सापडत नाही म्हणतात, कारण सुरुवातीची कामठी मद्रासमध्ये आहे. फिबिस म्हणून एक संस्था आहे १९९८ पासूनची, त्यांच्या साईटवर फुकट शोधता येतं. कबरींचं काम बॅक्सा नावाची दुसरी संस्था करते, ती १९७६ ची. पण ताई, तुमच्यासारख्या देशी ख्रिस्ती घरांची नावं त्या नकलांत क्वचितच, तुमचं पुस्तक इथंच आहे, कुठल्यातरी कपाटात.


रिटायर्ड_पटवारी
जनगणनेचं कोणीच बोललं नाही म्हणून लिहितो. ताई, ते डोक्यातून काढून टाका. मी ३१ वर्षं पटवारकी केली, तीनदा जनगणनेच्या ड्युट्या केल्या, मले विचारा.

आपल्या मध्य प्रांतात तर १८६६ लाच एक गणना झाली होती, देशभराची पहिली १८७२ ची धरतात, आणि एकाच वेळी सगळीकडे मोजणी झाली ती १७ फेब्रुवारी १८८१ ला. तेव्हापासून २०११ पर्यंत दर दहा वर्षांनी. पण आपल्याकडे घरोघरचे जे कागद भरले ते आकडे काढून झाले की रद्दीत. छापून राहिले ते रिपोर्ट, त्यात या तहसिलीत इतके विणकर, इतके ख्रिस्ती, इतके आंधळे, असं. तुमचे पणजोबा १९११ च्या रिपोर्टात आहेत पक्के, पण एक आकडा म्हणून. विलायतेत ते कागद जपून ठेवले आणि १०० वर्षांनी उघडतात, १९२१ चे त्यांनी २०२२ ला उघडले. अमेरिकेत ७२ वर्षं. आपल्या १९४८ च्या कायद्यात तर व्यक्तीची नोंद कोणाले पाहायलाच मिळत नाही, कोर्टातही पुरावा म्हणून चालत नाही. ते चांगलंच आहे म्हणा, नाहीतर लोकांनी खरं सांगितलंच नसतं.

आता आपल्याकडे काय आहे ते सांगतो. विदर्भात कोतवाल पंजी. गावात कोणाकडे पोरगं झालं, कोण मेलं, हे कोतवाल सांगायचा आणि पंजीत चढायचं. लांबट वही, पानं एवढी पिवळी की उलटताना कोपरा हातात येतो. त्यात जात लिहिलेली असते म्हणून आज तिच्यावर एवढ्या उड्या पडतात, जात पडताळणीला अनुसूचित जातीसाठी १० ऑगस्ट १९५० च्या आधीचा कागद, भटक्या-विमुक्तांना २१ नोव्हेंबर १९६१, ओबीसीला १३ ऑक्टोबर १९६७. जूनमध्ये तहसिलीत जाऊन पहा, अर्धं गाव पणजोबा शोधून राहिलं असते, ॲडमिशनसाठी.

पण एक गोष्ट शहरातल्या लोकाले माहीत नसते. पंजीत जन्माच्या नोंदीत पोराचं नावच नसते! बारसं व्हायच्या आधीच नोंद झालेली. “गोविंदा वल्द सिताराम यास मुलगा झाला”, बस. नाव शोधत बसाल तर आयुष्यभर सापडणार नाही, बाप शोधा. वल्द म्हणजे अमक्याचा मुलगा, जौजे म्हणजे अमक्याची बायको, बेवा म्हणजे विधवा. हे तीन शब्द कळले की अर्धं काम झालं.

तुमच्या केसमध्ये गाव कळल्याशिवाय माझा काही उपयोग नाही. गाव कळलं की सांगा.


मोमिनपुरा_मास्तर
आमचा अनुभव थोडा वेगळा पण जोडून देतो. आमच्या कब्रस्तानात बहुतेक कबरी मातीच्याच, दोन पावसाळ्यांत सपाट, वर नावबिव काही नाही, आणि जागा पुन्हा वापरतात. त्यामुळे दफनावरून मागे जाणं आमच्यात जवळपास बंदच. मी जे काही काढलं ते निकाहनाम्यावरून. परदादा १८५७ नंतरच्या धामधुमीत यूपीकडून विणकाम घेऊन इकडे आले असं सांगायचे, पण यूपीतून म्हणजे कुठून? निकाहच्या रजिस्टरमध्ये दुल्हा, दुल्हन, दोघांचे वालिद, मेहर किती, वकील कोण, गवाह कोण. मी वालिदवरच अडकून होतो सहा महिने. मग काझीसाहेबांनीच सांगितलं की गवाह बघा. नव्या गावात आलेला माणूस गवाह म्हणून कोणाला उभा करेल? आपल्या गाववाल्याला. त्या गवाहच्या घरचे लोक आजही इथंच राहतात, दोन गल्ल्या सोडून, त्यांना गाव तोंडपाठ होतं! मी सहा महिने कागद चाळत होतो आणि उत्तर रोज सकाळी माझ्यासमोर दूध आणायला यायचं.

तर ताई, लग्नाची नोंद सापडली की साक्षीदारांचाही फोटो घ्या.


वर्धेचा_पंत
चांगला धागा. आमच्याकडे लग्नाची सरकारी नोंद वगैरे आजोबांच्या वेळी कोणी केली नाही, पत्रिका असेल तर नशीब. मी प्रयागला पंड्याकडे गेलो होतो अस्थी घेऊन. गर्दीत एक माणूस येतो, जिल्हा विचारतो, गाव विचारतो, जात विचारतो, मग म्हणतो तुमचे पंडे अमके, चला. लाल कापडातली लांब वही काढली, मधूनच उघडली, आणि माझ्या आजोबांची सही. आजोबांची!! १९४० च्या दशकातली. मी सही ओळखली कारण माझ्या शाळेच्या प्रगतीपुस्तकावर तीच असायची. वडिलांच्या अस्थी हातात आणि समोर आजोबांची सही, तिथं बसलो मग जरा वेळ.

बायकांची नावं मात्र वहीत फारच कमी. मुली तर नाहीतच, त्या दुसऱ्या घरच्या वहीत. हरिद्वारच्या अशा वह्यांचे मायक्रोफिल्म फॅमिलीसर्चवाल्यांनी केलेत पण घरबसल्या शोधणं सोपं नाही, देवनागरी, मोडी, सगळं मिसळ, अनुक्रमणिका नाही.

सदरताईंना याचा थेट उपयोग नाही कारण बाप्तिस्म्यानंतर घराणं वहीतून जातं. पण पणजोबांचा एखादा भाऊ हिंदूच राहिला असेल तर त्याच्या वंशजांनी वहीत भावांची नावं सांगितलेली असू शकतात. गाव कळलं तरच, अर्थात.


इंदोरा_चौक
पंतांनी म्हटलं तसं आमच्यात १९५६ ला झालं. आजोबा १४ ऑक्टोबरला दीक्षाभूमीवर होते. त्यांच्या मोठ्या पोराच्या दाखलखारीजमध्ये एक धर्म, धाकट्याच्या दाखलखारीजमध्ये दुसरा, सख्खे भाऊ कागदावर वेगळ्या घरचे दिसतात. कोणी शोधत असेल तर शाळेचं दाखलखारीज रजिस्टर विसरू नका, कॉर्पोरेशनच्या जुन्या शाळांत पन्नास सालच्या आधीची पण आहेत. हेडमास्तर चहा पाजतात आणि रजिस्टर दाखवतात, माझा तरी अनुभव चांगला आहे.


सदरची_लेक
तीन आठवड्यांनी येतेय, माफ करा. सापडलं. जे सापडलं ते अजून नीट पचलेलं नाही.

अण्णांनी सांगितलं तसं ‘सगळ्यात जुनं लग्नाचं पुस्तक’ विचारत तीन ठिकाणी फिरले. दोन ठिकाणी नाही म्हणाले, तिसऱ्या ठिकाणी पाळक तरुण आहेत, त्यांनाच उत्सुकता. कपाटात वर सांताक्लॉजचे कपडे, सजावटीच्या चांदण्या, आणि त्याखाली पुस्तकं. त्यांनी टेबलावर वर्तमानपत्र पसरलं आणि म्हणाले ताई पानं तुम्ही उलटा, माझा हात जड आहे.

१९०५. जेम्स, बापाचं नाव गोविंदा, धंदा कंपाउंडर, राहणार कामठी. वधूचं नाव माझ्या पणजीचं, अगदी बायबलात आहे तेच. म्हणजे कडुलिंबाखालचा जेम्स आमचाच. मी तिथंच बाबांना फोन लावला आणि बोलता येईना.

पण त्याच ओळीत ‘आधीची स्थिती’ या रकान्यात लिहिलंय, विधुर.

आमच्या घरात कोणालाच माहीत नाही की पहिली बायको होती. बायबलात नाही, गोष्टीत नाही, कुठंच नाही. पाळक म्हणाले थांबा, आणि दफनाचं पुस्तक काढलं. १९०३ मध्ये आहे, “जेम्सची पत्नी, वय २०, बाळंतपणात”. नाव नाही. एवढंच. बाळाचं काय झालं तेही नाही.

मग बाप्तिस्म्याचं पुस्तक. १८९१, प्रौढ बाप्तिस्मा, वय अंदाजे १८, आधीचं नाव सखाराम, बाप गोविंदा शेतकरी, आणि मौजा. मौजा म्हणजे आमचं आडनाव, फक्त ‘कर’ काढून. गाव हिंगणा तालुक्यात आहे, नाव इथं टाकत नाही कारण मग आडनाव सगळ्यांना कळेल. आम्ही दर वर्षी त्या फाट्यावरून जातो!

मास्तर, साक्षीदारांचा फोटो घेतलाय. दोन सह्या आहेत, एक इंग्रजीत कोणाची तरी, दुसरी मोडीत वाटतेय, मला वाचता येत नाही.

बाबांना सगळं वाचून दाखवलं. हिस्लॉपचं दुःख संपलंय. आता ते एकच विचारतात, तिचं नाव काय होतं.


मोमिनपुरा_मास्तर
माशाल्ला ताई. ती मोडी सही इथं टाका, फक्त सही, बाकी पान झाका. वाचणारे आहेत इथं.


वर्धेचा_पंत
सखाराम, याकोब, जेम्स. एका माणसाची तीन नावं आणि चौथं आडनाव.

पहिल्या पत्नीचं नाव लग्नाच्याच पुस्तकात मिळेल ना? तेही ख्रिस्ती लग्न असेल तर. १८९१ ते १९०३ च्या मधली पानं बघितलीत का?


सदरची_लेक
बघितली, पण त्यातली काही पानं चिकटलीत एकमेकांना, पावसाचं पाणी गेलेलं. पाळक म्हणाले सोडवायला जाऊ नका, फाटतील.


रिटायर्ड_पटवारी
नका सोडवू, बरोबर बोलले ते. ओले करून, वाफ देऊन, ब्लेड घालून सोडवणारे महाभाग पाह्यलेत मी, नंतर दोन्ही पानं जातात. पुराभिलेख खात्याची नागपूरला शाखा आहे, तिथं कागद दुरुस्त करणारे लोक असतात, पाळकाले घेऊन जा आणि विचारा. दरम्यान १८७२ च्या कायद्यानं लग्नाच्या दाखल्यांच्या नकला वर रजिस्ट्रार जनरलकडे जायच्या, त्या बाजूनेही अर्ज टाकून ठेवा.

आता माझं काम. गाव कळलं. पण हिंगणा तालुका तेव्हा नव्हताच, तुमचं गाव नागपूर तहसिलीत होतं, अर्जात ‘तत्कालीन तहसील नागपूर’ लिहा नाहीतर बाबू हिंगण्याले पाठवेल आणि हिंगणेवाला नागपूरले, तुम्ही मधात फिरत राहाल. कलेक्टर ऑफिसच्या रेकॉर्ड रूममध्ये मौज्याची बंदोबस्त मिसल मागा, म्हणजे जमिनीचा सारा ठरवला तेव्हाची गावाची फाईल. पहिला बंदोबस्त १८६० च्या दशकातला, दुसरा १८९० च्या. मालगुजारी गावांच्या मिसलीत रयतांची यादी असते, कोणाकडे किती जमीन, काय सारा, कोणत्या हक्कानं. गोविंदा शेतकरी लिहिलाय म्हणजे दुसऱ्या बंदोबस्तात सापडायले पाहिजे, आणि सापडला की “गोविंदा वल्द अमका”, म्हणजे अजून एक पिढी वर गेले तुम्ही. सोबत १९५४-५५ चं अधिकार अभिलेख पण मागा, मालगुजारी गेल्यावरचं, त्यात त्या सर्वे नंबरवर कोणाची नावं चढली ते दिसेल. ते तुमचे भाऊबंद. जिवंत असतील गावात, बोला त्यांच्याशी.

कोतवाल पंजीत सखारामचा जन्म मिळेल अशी आशा मी देणार नाही, मी हाताळल्या त्या पंज्या १९१० नंतरच्याच. गोविंदा केव्हा मेला ते मात्र मिळू शकते. आणि जुन्या कागदावर फसली सन (महसुलाचं साल) असेल तर त्यात साधारण ५९० मिळवा, वर्ष-दोन वर्षं इकडेतिकडे धरून चाला. शके असेल तर ७८.

सोमवारी जाऊ नका, सोमवारी कोणी जागेवर नसते. बुधवारी जा, अकरानंतर. कोर्ट फी स्टँप आधीच घेऊन ठेवा, जेवणाच्या सुट्टीत स्टँपवाला पण जातो.


सदरची_लेक
काका, बुधवारचं पक्कं. बाबा येतो म्हणतात, जिना चढायचा नाही या अटीवर नेतेय.

अण्णा, एक काम होतं. कडुलिंबाखालच्या दगडावर अर्धी अक्षरं शेवाळानं गेलीत, खाली अजून एक ओळ आहे असं वाटतं पण वाचता येत नाही. तिथल्या एकानं ॲसिडनं स्वच्छ करून देतो म्हटलंय, पाचशे रुपये. देऊ का?


कामठीवाला_अण्णा
अजिबात नाही!! हातही लावू देऊ नका त्याला. ॲसिडनं दगड पांढरा होतो आणि अक्षरं जातात, आमच्या आजीचा असाच घालवला मी. खडूही घासू नका. साधं पाणी, मऊ ब्रश, आणि संध्याकाळी सूर्य पार खाली गेल्यावर मोबाईलचा टॉर्च दगडाला अगदी बाजूनं, आडवा धरा. सावलीत अक्षरं उठून दिसतात. सरळ समोरून प्रकाश टाकला तर काहीच दिसत नाही. एक जण टॉर्च धरेल, एक जण फोटो काढेल, दहा-बारा वेगवेगळ्या कोनांतून.

तुम्ही कधी येणार ते मेसेज करा, टॉर्च मी धरतो. घर जवळच आहे.